कुरकुरणारा नाताळबाबा

डिसेंबर लागला की दुकानांच्या काचांआड नाताळबाबा दिसू लागतो. लाल डगला, पांढरी दाढी आणि चेहऱ्यावर अखंड हसू. मला नेहमी वाटे, या गृहस्थाला कधी कंटाळा येत नसेल का? ऐन थंडीत रात्रभर घरोघर ओझे वाहायचे आणि वर हसायचे!

मुंबईत फोर्टच्या पदपथावर जुनी पुस्तके चाळताना मला याचे उत्तर सापडले. रेमंड ब्रिग्ज या इंग्रज चित्रकाराचे ‘फादर ख्रिसमस’ हे ते चित्रपुस्तक. ते १९७३ साली निघाले आणि मुलांच्या पुस्तकांतील उत्तम चित्रांसाठी दिले जाणारे केट ग्रीनअवे पदक त्याला त्या वर्षी मिळाले.

गोष्ट एका दिवसाची आहे. नाताळबाबा उन्हाळ्याची गोड स्वप्ने पाहत झोपलेला असतो. घड्याळाचा गजर होतो आणि लक्षात येते, आज २४ डिसेंबर. बाहेर बर्फ. झाले, कुरकुर सुरू! घरात तो एकटाच. सोबतीला एक कुत्रा आणि एक मांजर. चहा करायचा, रेनडिअरना चारा घालायचा, डबा भरायचा आणि मग गाडी जोडून निघायचे. वाटेत बर्फ, पाऊस, धुके. धुराड्यातून उतरताना काजळी, घरात शिरल्यावर जिने. प्रत्येक गोष्टीला तो ‘ब्लूमिंग’ म्हणतो. ही शिवी म्हणावी तर फारच सौम्य. आपल्याकडच्या आज्या ‘मेला पाऊस’, ‘मेले मांजर’ म्हणतात ना, त्याच जातकुळीतली!

पुस्तकाची मांडणीही पाहण्यासारखी आहे. त्या काळी मुलांच्या चित्रपुस्तकात बहुधा पानभर चित्र आणि खाली दोन ओळी असत. ब्रिग्ज यांनी पान लहानलहान चौकटींत विभागले. चहा ओतणे, बूट चढवणे, छपरावर बसून डबा खाणे, अशा बारीकसारीक गोष्टींना एकेक चौकट दिली. गाडी आकाशात झेपावते तेव्हा मात्र चित्र मोठे होते. शब्द मोजकेच, तेही फुग्यांत. त्यामुळे वाचता न येणारे मूलही गोष्ट समजून घेते. मोठे माणूस कुरकुरते म्हणून मुले हसतात. आणि मोठी माणसे हसतात ती पहाटेचा गजर त्यांच्याही ओळखीचा असतो म्हणून. एकाच पानावर दोन पिढ्या हसतात, पण दोघांचे हसू वेगळे.

उजाडताना नाताळबाबाला एक दूधवाला भेटतो. दोन कामकरी माणसे एकमेकांची विचारपूस करून पुढे जातात. प्रसंग एवढाच. पण तो दूधवाला म्हणजे ब्रिग्ज यांचे वडील, अर्नेस्ट. ते लंडनमध्ये घरोघर दूध टाकत. ऊन असो, बर्फ असो, लोक उठण्याआधी बाटली दारात हवी. ब्रिग्ज यांचे आई आणि वडील दोघेही १९७१ साली गेले. हे पुस्तक निघाले त्याच वर्षी त्यांची पत्नीही गेली. इतके सारे हरवत असताना हा माणूस जगाला हसवणारे पुस्तक करत होता, आणि त्यात वडिलांना एका कोपऱ्यात जपून ठेवत होता. पुढे १९९८ साली त्यांनी ‘एथेल अँड अर्नेस्ट’ हे आई-वडिलांचे चित्रचरित्रच काढले. २०२२ साली, वयाच्या ८८व्या वर्षी, ब्रिग्ज यांचेही निधन झाले.

ते दूधवाल्याचे चित्र पाहिले आणि मला माझे अब्बा आठवले. ते शिंपी होते. ईद असो वा दिवाळी, आधीचे आठ दिवस आमच्या घरी मशीन रात्रभर चाले. सारा मोहल्ला, सारी पेठ नवे कपडे घालणार, आणि अब्बा चिडचिड करत काजे करत बसलेले. ‘लोकांना सण महिनाभर आधी कळत नाही का?’ हे त्यांचे ठरलेले वाक्य. आम्हा भावंडांना ते ऐकून हसू यायचे. ईदच्या सकाळी मात्र ते नमाजाला निघत ते धुतलेला जुनाच सदरा घालून. ‘तुमचा राहिला ना!’ असे अम्मी म्हणाली की म्हणत, ‘गिऱ्हाईक तर खूश आहे!’

कुरकुर म्हणजे प्रेम नसणे नव्हे, हे मला फार उशिरा कळले. ब्रिग्ज यांचा नाताळबाबा सगळी रात्र कुरकुरतो, पण एकही घर चुकवत नाही. शेवटी घरी येऊन गरम पाण्याने अंघोळ करतो, स्वतःचे जेवण स्वतः रांधतो आणि झोपण्यापूर्वी कुत्र्या-मांजराला त्यांची भेट द्यायला विसरत नाही.

सण आपोआप येत नसतात. कुणीतरी ते रात्रभर जागून आणत असते. यंदा नाताळ असो, ईद असो की दिवाळी, आपल्या दारी सण घेऊन येणारा माणूस जरा कुरकुरला तर रागावू नका. त्याला आत बोलवा, चहा विचारा.