सोलमधला पट, खामगावातला मोबाइल
गो हा मूळचा चिनी खेळ. १९ उभ्या आणि १९ आडव्या रेषा, त्यांच्या ३६१ छेदबिंदूंवर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या ठेवायच्या आणि जास्तीत जास्त जागा वेढायची. नियम मोजके, पण शक्यता अफाट. म्हणूनच १९९७ मध्ये डीप ब्लू या संगणकाने बुद्धिबळात जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवले, तरी गोमध्ये संगणक पुढे कित्येक वर्षे व्यावसायिकांच्या जवळपासही फिरकला नाही.

मार्च २०१६ मध्ये सोलला अल्फागो या संगणक-प्रणालीने व्यावसायिक गोपटू ली सेडॉलला ४-१ असे हरवले. दुसऱ्या डावातली अल्फागोची ३७वी चाल जाणकारांना आधी चूकच वाटली. माणसांचे डाव पाहून आणि मग स्वतःशीच खेळून हे यंत्र शिकले होते. सगळ्या चाली मोजण्याऐवजी आशादायक तेवढ्याच ते खोलवर तपासत होते. मला मात्र चौथा डाव अधिक मोलाचा वाटतो. लीच्या ७८व्या चालीने यंत्र गोंधळले आणि माणूस जिंकला.

पुढच्याच वर्षी अल्फागोच्या वारसाने, अल्फाझिरोने, स्वतःशीच खेळून शिकण्याची पद्धत बुद्धिबळात आणली. आता अव्वल बुद्धिबळपटूंची तयारी इंजिनाशिवाय, म्हणजे चाली तपासणाऱ्या संगणक-प्रणालीशिवाय, होत नाही. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला, तो याच काळात. स्टॉकफिश हे इंजिन फुकट आहे, खामगावसारख्या छोट्या शहरातल्या मुलीच्या मोबाइलवरही चालते. उत्तम चाल ते दाखवते; ती उत्तम का, हे शब्दांत सांगत नाही. त्यासाठी प्रशिक्षक लागतो, आणि तो नागपूर-पुण्याइतकाच खामगावातही मिळायला हवा.