खसखशीवरचे अलंकार

आपल्या घरी उन्हाळ्यात सांडगे घालतात. चवीला ते उत्तम; पण त्यांच्या रूपाकडे कोण पाहतो? पश्चिम बंगालमधील तमलुक, महिषादल या भागांतील गृहिणींनी मात्र सांडग्याचाच दागिना केला आहे. त्याचे नाव 'गयना बडी'. गयना म्हणजे अलंकार.

थंडीत, रात्री भिजविलेली उडदाची डाळ पहाटे वाटून, फेसून अगदी हलकी करतात. ताटात खसखस पसरतात आणि भोक पाडलेल्या फडक्याला पत्र्याची नळी लावून, पिठाच्या धारेने तीवर कंठहार, कर्णफुले, मोर, शंख रेखाटतात. हात अडखळला की रेघ मोडलीच! मग कोवळे ऊन.

मुलीच्या सासरी जाणाऱ्या भेटींत या बड्या मानाने पाठवितात. रवींद्रनाथ ठाकुरांना अशी भेट मिळाली, तेव्हा तिची छायाचित्रे शांतिनिकेतनच्या कलाभवनात ठेवावीत, असे त्यांना वाटले.

संक्रांतीचे हलव्याचे दागिने आपल्याला ठाऊकच आहेत. परंतु ते आधी अंगावर मिरवतात. ही नक्षी थेट कढईत पडते. पाहुण्याच्या पानात भाताशेजारी तळलेला मोर येतो, तेव्हा त्याचा हात क्षणभर तसाच थबकतो.