सनमायकाची कड फुटते? आधी ब्लेडचे दाते बघा

सनमायका लावलेला प्लाय किंवा प्रीलॅम बोर्ड कापला की कडेला टवके उडतात आणि बोल मशीनला लागतो. दोष बहुतेक वेळा ब्लेडचा असतो.

110 मिमीच्या हँडकटरला 40 दात्यांचं, 250 मिमीच्या टेबल सॉला 80 दात्यांचं कार्बाइड ब्लेड घ्या. टेबल सॉवरचं 24 दात्यांचं ब्लेड लाकूड उभं चिरायला उत्तम. लॅमिनेटची मात्र ते नासाडी करतं.

पण माझ्या मते दात्यांच्या संख्येपेक्षा त्यांची घडण महत्त्वाची. पाकिटावर ‘टीसीजी’ लिहिलेलं ब्लेड शोधा. त्यात एक दाता किंचित उंच, दोन्ही कोपरे उतरवलेला, पुढचा सपाट. उंच दाता मधोमध चर पाडतो, सपाट दाता दोन्ही कडा साफ करतो. लॅमिनेटच्या कडक थराला एकदम धक्का बसत नाही. दुकानात ब्लेड उजेडाकडे धरलं, की हा फरक डोळ्यांना दिसतो.

आता दिशा. हँडकटरचे दाते खालून वर येतात, म्हणून दर्शनी बाजू खाली ठेवा. टेबल सॉवर ती वर हवी. दोन्ही बाजू दर्शनी असतील तर स्कोअरिंग ब्लेड असलेल्या पॅनेल सॉवरच कापून घ्या. तिथं छोटं ब्लेड आधी उलट फिरून खालच्या थरात बारीक रेघ पाडतं.

ब्लेड बोथट झालं तर फेकू नका, कार्बाइडला पुन्हा धार लावता येते. आणि ब्लेड बदलताना प्लग काढाच!