वनौषधींची नवी वाट – लेखांक ७ : औषधानं कातडीत कुठं थांबावं?

जबलपूर जिल्ह्यातल्या शहपुऱ्यात थंडीत मटार तोडणीची धांदल असते. दवात, मातीत काम करून हातापायांना भेगा पडल्या की घरचा पहिला इलाज तेल-हळदीचा. त्यानं आराम पडतो हे खरं, कारण तेल कातडीतला ओलावा उडू देत नाही. पण हळदीतलं मुख्य द्रव्य, कुर्क्युमिन, आत किती पोचतं? फारच थोडं. पिवळेपणा बहुतेक वरच्या वरच राहतो.

अडवणूक करतो तो कातडीचा सगळ्यात बाहेरचा थर. त्याची जाडी जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर. मृत पेशींच्या विटा आणि मध्ये स्निग्ध द्रव्यांचा गिलावा, अशी ती भिंत. साधारण ५०० डाल्टनहून जड रेणू तिच्यातून सहसा पार होत नाही. मंडूकपर्णीतलं एशियाटिकोसाइड सुमारे ९५९ डाल्टनचं, म्हणून अडतं. कुर्क्युमिन अवघं ३६८ डाल्टनचं, तरीही अडतं, कारण ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. स्निग्ध थरात रुतून बसतं, खालच्या पाणीदार थरात उतरत नाही.

इथं नॅनोवाहक कामाला येतात. सोयाबीनमधून निघणाऱ्या लेसिथिनसारख्या द्रव्यांची अतिसूक्ष्म पिशवी करून तिच्यात अर्क भरायचा, म्हणजे लिपोसोम. तिच्यात २० ते ४५ टक्के अल्कोहोल असलं की इथोसोम. ही जेरुसलेमच्या संशोधक एल्का तुइतू यांची कल्पना. अल्कोहोल गिलावा सैल करतं. पिशवी लवचीक राहावी म्हणून साबणासारखं द्रव्य मिसळलं की ट्रान्सफरसोम.

रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठातल्या संशोधकांनी हळदीचा अर्क या तिन्ही प्रकारांत भरला, तो क्रीममध्ये मिसळला आणि २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत ट्रान्सफरसोम सरस ठरले. आपल्या भागाला आणखी जवळचं केंद्र म्हणजे सागरचं डॉ. हरिसिंह गौर विद्यापीठ. तिथं नरेंद्र कुमार जैन यांच्या गटानं २००७ साली सोरायसिसवरचं मेथोट्रेक्सेट इथोसोममधून कातडीत उतरवण्याचं काम मांडलं. ते वनौषधी नव्हे, पण वाट तीच.

मला मात्र ‘किती खोल गेलं’ यापेक्षा ‘कुठं थांबलं’ हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. कोडासाठी वापरली जाणारी बावची घ्या. तिच्यातलं सोरॅलेन अवघं १८६ डाल्टनचं आणि त्यावर ऊन पडलं की कातडी भाजून फोड येऊ शकतात. ते रक्तात जाऊन अंगभर पसरण्यात फायदा नाही. हवं तिथं, मोजकं आणि थांबून राहणारं असं ते द्यायला हवं. चांगला वाहक तेवढंच साधतो. पिशवी अख्खीच्या अख्खी आत शिरते, असं चित्र जाहिराती रंगवतात. पण साधे लिपोसोम तर बहुधा वरच्या थरातच मोडतात आणि त्यांची स्निग्ध द्रव्यं कातडीच्या द्रव्यांत मिसळून औषधाला वाट करून देतात.

या वाहकांची एक अडचण उन्हाळ्याची. मे महिन्यात पारा ४० अंशांपुढं गेला की पिशव्या गळतात, एकमेकींत मिसळतात, लेसिथिन खवट होतं. त्यामुळं ‘नॅनो’ लिहिलेली बाटली घेताना ती किती तापमानाला ठेवायची, हे आधी वाचावं आणि दुकानात ती कुठं ठेवली होती, हेही विचारावं. ही मोड टाळण्यासाठी घन स्निग्धकण वापरतात. त्यांच्याबद्दल पुढच्या आठवड्यात.