पंचमीला कुलाब्यात

तान्ह्या लेकराला घेऊन अलिबागला जाऊन संध्याकाळी परतायचं असेल, तर दूध, दुपटी, जास्तीची झबली यांची यादी करण्याआधी कॅलेंडरात तिथी बघावी. किनाऱ्यासमोर पाण्यात उभा असलेला कुलाबा किल्ला ओहोटीलाच पायी गाठता येतो. बाळाची झोप नि दुधाच्या वेळा समुद्राच्या वेळापत्रकात बसल्या, की दिवस सुरेख जातो.

आमच्या सासूबाई कोकणातल्या. त्यांचा हिशोब बोटांवर चालतो: तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती. अमावास्या-पौर्णिमेनंतर चौथ्या तिथीला तीनच्या सुमारास, आठव्या तिथीला सहाच्या. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा अधिक उशिरा डोक्यावर येतो आणि भरतीही तेवढीच मागे सरते, म्हणून हे गणित जमतं. मला त्याचं अजून अप्रूप वाटतं. मात्र अष्टमीला भांग. तेव्हा चंद्र-सूर्याची ओढ एकमेकींना काटकोनात असते, त्यामुळे भरपूर भरत नाही नि पुरतं सुकतही नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी लांबवर हटतं खरं, पण ते सकाळी सहाला नि संध्याकाळी सहाला. बाळ बरोबर असेल तर पंचमी उत्तम. पावणेदहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी, पाणी बऱ्यापैकी मागे आणि उन्हाचा कडाका अजून दूर. मुंबईहून पहिल्या बोटीने मांडवा गाठावं, तिथून अलिबागची बस. नेमकी वेळ किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्यांना विचारून पक्की करावी. पावसाळ्यात हा बेतच करू नये.

बाबागाडी घरीच ठेवावी. ओल्या रेतीत चाकं रुततात, पुढे शेवाळलेले खडक आहेत. आमची आठ महिन्यांची लेक तिच्या बाबांच्या छातीशी झोळीत होती. त्यांच्या घोट्याला पाणी लागलं की ती पाय झाडायची.

इतिहास थोडक्यात सांगते. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये काम सुरू केलं, संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं, पुढे ते मराठा आरमाराच्या आंग्र्यांचं ठाणं झालं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून चालून आले, पण किल्ला पडला नाही.

तटाजवळ मात्र थांबाच. प्रचंड दगड एकावर एक रचलेत, सांध्यांत चुना नाही. लाट आदळते, पाणी फटींत शिरतं, तिचा जोर तिथेच जिरतो. भिंत भक्कम हवी म्हणून फटी बुजवायच्या, असं कुणालाही वाटलं असतं. इथल्या पाथरवटांनी त्या मोकळ्या सोडल्या. माझ्या मते कोकणातल्या बांधकामात याहून शहाणी गोष्ट नाही. लेकीने एका फटीत बोट घातलं आणि आत चिकटलेला शिंपला नखाने खरवडत बसली.

आत राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं सिद्धिविनायकाचं मंदिर, समोर पुष्करणी. भर समुद्रात गोड्या पाण्याची विहीरही आहे. पुष्करणीच्या काठी सावलीत बसून आम्ही डब्यातला मऊ भात लेकीला भरवला. तटावर चाकांच्या गाड्यांवर दोन इंग्रजी तोफा आहेत, त्यांवर १८४९ साल कोरलंय. म्हणजे त्या आंग्र्यांच्या अमलानंतरच्या.

सासूबाईंनी अकरालाच उठवलं. पाणी चढू लागलं की बाळ कडेवर घेऊन घाई करायची नाही, हा त्यांचा दंडक. गावात कान्होजी आंग्र्यांची समाधी आहे, तिथे जाईपर्यंत लेक झोळीत झोपली होती.