युद्धाच्या जमाखर्चात न मांडलेले बालपण

युद्ध संपले की त्याचा जमाखर्च मांडला जातो. किती सैनिक पडले, किती मुलूख हाती आला, तिजोरीवर किती भार पडला, हे आकडे प्रथम सरकारी दप्तरात आणि तेथून पाठ्यपुस्तकात जातात. त्या काळात जी मुले लहान होती त्यांच्या नावाचे खाते मात्र या हिशेबात सहसा उघडले जात नाही. अर्थशास्त्राच्या अनेक जाड ग्रंथांनी सोडलेली ही जागा जेमतेम पावणेतीन मिनिटांच्या एका इंग्रजी गाण्याने दाखवून दिली आहे.

‘पिंक फ्लॉइड’ या ब्रिटिश वाद्यवृंदाची ‘द वॉल’ ही दुहेरी ध्वनिमुद्रिका १९७९ च्या नोव्हेंबरमध्ये निघाली. तिच्यात ‘गुडबाय ब्लू स्काय’ हे गाणे आहे. रॉक संगीत म्हणजे निव्वळ गोंगाट, असा समज आपल्याकडील ज्येष्ठांत आढळतो. परंतु ज्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात त्या शाखेने एकेका गाण्याऐवजी संपूर्ण ध्वनिमुद्रिकेतून एक कथा सांगण्याची रीत रुजविली. हे गाणे तर अगदी हळुवार आहे. आरंभी पक्ष्याची किलबिल ऐकू येते, मागोमाग एक लहान मूल आभाळातले विमान आईला दाखविते, आणि मग गिटारच्या साथीवर निळ्या आभाळाचा निरोप सुरू होतो. मुलाच्या दृष्टीने विमान हे कौतुक आहे. मोठ्यांच्या दृष्टीने तो बॉम्ब आहे. एवढ्या विरोधावर सारे गाणे उभे आहे.

गीताचा कर्ता रॉजर वॉटर्स १९४३ च्या सप्टेंबरमध्ये जन्मला. लंडनवरील १९४०-४१ चा प्रदीर्घ बॉम्बवर्षाव तोपर्यंत होऊन गेला होता. म्हणजे गाण्यातील भीतीचा मोठा भाग त्याने पाहिलेला नव्हे, तर घरातून वारशाने मिळालेला आहे. त्याचे वडील एरिक फ्लेचर वॉटर्स हे पेशाने शिक्षक. प्रारंभी त्यांनी शस्त्र धरण्यास नकार दिला आणि बॉम्बहल्ल्यांच्या काळात रुग्णवाहिका चालविली. पुढे मतपरिवर्तन होऊन ते सैन्यात दाखल झाले आणि १८ फेब्रुवारी १९४४ रोजी इटलीतील अँझिओ येथे मारले गेले. मुलगा तेव्हा पाच महिन्यांचा होता. ज्याला वडिलांचा चेहराही आठवणे शक्य नाही, त्याने पुढे आयुष्यभर त्या मृत्यूविषयी लिहावे, यावरून युद्धाचे देणे किती पिढ्या फिटत नाही याची कल्पना यावी.

ही दूरदेशीची गोष्ट म्हणून बाजूस सारता येणार नाही. त्याच इटलीच्या रणभूमीवर मराठा पलटणी लढत होत्या. रायगड जिल्ह्यातील माणगाव परिसराचे नाईक यशवंत घाडगे अवघ्या बाविसाव्या वर्षी, १० जुलै १९४४ रोजी तेथेच धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीच्या मोहिमेत पाच हजारांहून अधिक भारतीय सैनिक कामी आले. त्यांच्यामागे राहिलेल्या मुलांनी वाट पाहत कसे दिवस काढले, कोणाची शाळा सुटली, कोणाच्या हाती नांगर आला, याची नोंद कोठे आहे? त्या वेदनेला ना ध्वनिमुद्रिका लाभली, ना वही.

आपल्या परिसराकडे वळल्यास हा प्रश्न अधिक टोकदार होतो. गोरेगाव, सेनगाव, हिंगोली हा पट्टा निजामाच्या राज्यात होता. लगतचे वाशीम मात्र वऱ्हाडात. रझाकारांच्या धास्तीने अनेक कुटुंबे त्या काळी सरहद्द ओलांडून वऱ्हाडात गेली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी पोलीस कारवाई सुरू झाली आणि १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली. मराठवाडा मुक्त झाला. परंतु त्यानंतर संस्थानात ज्या हत्या झाल्या त्यांत मुसलमान समाज मोठ्या प्रमाणावर बळी पडला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला, आणि तो अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिला. रझाकारांच्या भयाने रातोरात घर सोडणारे मूल आणि नंतरच्या सूडात बाप गमावलेले मूल, या दोघांपैकी एकानेही कोणाशी वैर धरले नव्हते.

यावर कोणी म्हणेल की, अशा आठवणी काढल्याने मुक्तिसंग्रामाचे तेज उणावते. तसे मुळीच नाही. हिटलरविरुद्धचे युद्ध न्याय्य होते, म्हणून वॉटर्सच्या घरातील रिकामी खुर्ची भरून निघाली नाही. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील लढाही न्याय्यच होता. न्याय्य लढ्याचीही किंमत असते, आणि ती कोणी चुकविली हे लिहून ठेवणे म्हणजे लढ्याचा अधिक्षेप नव्हे. उलट, किंमत दडविणारा हिशेब कोणताही लेखापरीक्षक मान्य करीत नाही.

ही किंमत मोजता येते, हेही आता सिद्ध झाले आहे. आंद्रेआ इचिनो आणि रुडॉल्फ विंटर-एब्मर या अर्थतज्ज्ञांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दहा वर्षांच्या आसपास असलेल्या जर्मनी व ऑस्ट्रियातील मुलांची तुलना युद्धापासून अलिप्त राहिलेल्या स्वित्झर्लंड व स्वीडनमधील मुलांशी केली. युद्धग्रस्त मुलांचे शिक्षण तर कमी झालेच, पण सुमारे चाळीस वर्षांनंतरही त्यांच्या कमाईत तूट दिसत होती. तोफा थंडावल्या तरी शाळेतील रिकामा बाक पुढे पगारपत्रकात उमटतो, असा याचा अर्थ.

मराठवाड्यात असा अभ्यास करण्यास वेळ फार थोडा उरला आहे. १९४८ साली जी मुले दहा वर्षांची होती ती आज पंच्याऐंशी ओलांडून गेली आहेत. दर १७ सप्टेंबरला आपल्या शाळा-महाविद्यालयांत ध्वजारोहण होते, भाषणे होतात, निबंध लिहविले जातात, आणि ते बहुधा एकाच पुस्तकावरून उतरविलेले असतात. त्याऐवजी शिक्षकांनी विद्यार्थ्यांना वही-पेन्सिल देऊन गावातील वृद्धांकडे पाठवावे. हिंदूंच्या वाड्यांत पाठवावे, मुसलमानांच्या मोहल्ल्यांत पाठवावे आणि दलितांच्या वस्तीतही पाठवावे. प्रश्न साधे असावेत. त्या वर्षी तुम्ही किती वर्षांचे होता? घर सोडावे लागले काय? बरोबर काय नेले? शाळा कधी सुटली, आणि पुन्हा सुरू झाली काय? मिळालेली उत्तरे तारीखवार लिहून शाळेच्या ग्रंथालयात ठेवावीत. याला अनुदान लागत नाही, शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही. येत्या सप्टेंबरपूर्वी एका गावाने जरी हे काम हाती घेतले, तरी पुढील वर्षीच्या निबंधांत पुस्तकातील नसलेली काही वाक्ये येतील.