आपल्या पायरीचे पुस्तक

नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ साली बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. तेव्हापासून नांदेड-लातूरकडचे ओळखीचे पालक मला विचारतात, ‘मुलीसाठी या खेळाचे कोणते पुस्तक घ्यावे?’ मी उलट विचारतो, ‘मुलगी कुठवर आली आहे?’

लातूर पॅटर्नच्या या मुलखात पुस्तक जितके जाड, तितकी तयारी पक्की, असा समज आहे. बुद्धिबळात तो चालत नाही. मात्रा मोजता येत नाहीत त्याच्या हाती वृत्तांचा ग्रंथ दिला, तर तो कवितेलाच रामराम ठोकतो. इथेही तसेच होते.

ज्याला फक्त सोंगट्यांच्या चाली येतात, त्याने बॉबी फिशरचे १९६६चे पुस्तक घ्यावे. त्यात एकेक पट मांडून ‘मात कशी कराल?’ असे विचारले आहे. पुढे डाव समजू लागला, की आयर्व्हिंग चेर्नेव्हचे. त्यात ३३ डाव आहेत आणि प्रत्येक चालीमागचे कारण दिले आहे. मग कापाब्लांकाचे १९२१चे पुस्तक. ते सुरुवातीलाच साध्या माती शिकवते, कारण थोड्या सोंगट्यांत प्रत्येकीचे बळ स्पष्ट दिसते. निम्झोविचचा प्रसिद्ध ग्रंथ स्पर्धा खेळू लागल्यावरच उघडावा.

आरंभीच्या चालींची जाडजूड पुस्तके सर्वांत शेवटी. पाठ केलेल्या पंधरा चाली समोरच्याने सोळावी वेगळी खेळताच निकामी होतात. पंजाबचे मीर सुलतान खान प्यादे पहिल्या चालीत एकच घर सरकते, अशा देशी नियमांवर वाढले. आरंभीच्या चालींचे पुस्तकी ज्ञान तोकडे असूनही त्यांनी १९२९, १९३२ आणि १९३३ साली ब्रिटिश अजिंक्यपद मिळवले, खुद्द कापाब्लांकालाही हरवले. त्यांना पट कळत होता.

दुकानात एक साधी परीक्षा करा. पुस्तकातले दहा पट मुलीसमोर धरा. दहाही सुटले तर पुस्तक सोपे, दोनच सुटले तर अवघड. सहा-सात सुटले, तर तेच तिच्या पायरीचे. घरी मात्र उत्तर झाकून, पट मांडून, चाल हाताने करूनच वाचू द्या.

आणि एक पुस्तक संपेपर्यंत दुसरे आणू नका. कपाट भरले म्हणून खेळ वाढत नाही. उलट न उलगडलेल्या पुस्तकांकडे पाहून ‘हे आपल्याला जमणारे नाही’ असे पोराला वाटू लागते. ते वाटणे हरलेल्या डावापेक्षा वाईट.